स्टेशन चांगलं म्हणजे नेमकं काय? डब्यापासून रस्त्यापर्यंतचा हिशेब

ओलाचाफा (सोमवार, रात्री १०:४०)

परवा आईला परळहून लोकलने घरी आणलं. आई ७२ वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेत. गाडीत काहीच त्रास झाला नाही. कॉलेजच्या एका मुलीने उठून आईला खिडकी दिली, समोरच्या बाईंनी पाय लांब करायला जागा करून दिली. वेळ कसा गेला कळलं नाही.

मग आमचं स्टेशन आलं. डब्यातून खाली पाय ठेवल्यापासून रिक्षाच्या रांगेत उभं राहीपर्यंत २१ मिनिटं लागली. उतरल्यावर भावाला "पोचलो" असा मेसेज केला होता, रिक्षात बसताना दुसरा केला. घरी आल्यावर त्या दोन मेसेजांतलं अंतर बघितलं.

सरकता जिना वर नेतो. पुलावरून पूर्वेला उतरायला मात्र साधा जिना, ३६ पायऱ्या. लिफ्ट फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर चालत गेलो तर दाराला साखळी आणि कागद, 'देखभालीसाठी बंद'. कागदावर तारीख नाही. तेवढंच अंतर उलट चाललो, तोवर पुढची गाडी आली आणि तिची सगळी गर्दी जिन्यावर. आई कठडा धरून भिंतीला टेकली आणि म्हणाली, "तू हो पुढे, मी येते सावकाश." या बाईने याच स्टेशनवरून २८ वर्षं ८:०५ ची पकडली आहे. तिच्या तोंडून हे ऐकून पोटात कालवलं.

याच स्टेशनला गेल्या वर्षी नवी कमान झाली. भिंतींवर वारली चित्रं आली. चित्रं सुरेख आहेत, मला मनापासून आवडतात. पण लिफ्ट बंद आहे.

स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की चर्चा 'आमचं बरं की तुमचं' यावर जाते. तुम्हीही आपल्या तक्रारीतलं नाव गाळलंत तर बरं.

दोन प्रश्न आहेत. एक, तुमच्या मते स्टेशन चांगलं कशाने ठरतं? दोन, पुढचे दोन महिने आठवड्यातून दोनदा आईला व्यायामासाठी परळला न्यायचं आहे. आम्ही ठाण्याच्या पुढे राहतो. कोणती गाडी, कुठे उतरावं, कोणी अनुभवाने सांगेल का?

---

डाऊनफास्ट

२१ मिनिटं! आईंना नमस्कार सांगा. माझं उत्तर एका शब्दात: पूल.

---

चौथीसीट

पूलच. पण पूल आहे की नाही एवढंच बघून भागत नाही, तो किती रुंद आहे आणि कुठे उतरतो हे बघावं लागतं.

२९ सप्टेंबर २०१७ आठवा. एल्फिन्स्टन रोडचा पूल. सकाळी साडेदहाच्या सुमारास अचानक पावसाची सर आली, भिजायला नको म्हणून माणसं जिन्याच्या तोंडाशी थांबली, मागून गाड्यांवर गाड्या येत राहिल्या. २३ माणसं गेली. माझं ऑफिस तेव्हा लोअर परळला होतं. त्या दिवशी ऑफिसात कोणी धड बोललं नाही, जो तो घरी फोन करून "मी ठीक आहे" एवढंच सांगत होता.

गिरण्या गेल्या, तिथे ऑफिसचे टॉवर आले, माणसं कितीतरी पटींनी वाढली, पण स्टेशनचे जिने गिरण्यांच्या काळातलेच राहिले. मग लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये एल्फिन्स्टन-परळ, करी रोड आणि आंबिवली असे तीन पूल पाच महिन्यांच्या आत लोकांच्या पायाखाली आले. म्हणजे मनात आणलं तर पूल होतो. त्याच वर्षी एल्फिन्स्टनचं नाव प्रभादेवी झालं.

तेव्हापासून कुठल्याही स्टेशनवर गेलो की मी आधी जिन्याचं तोंड बघतो. ते दुकानाने, खांबाने, तिकीट मशीनने अडलं असेल तर बाकी काही बघायची मला गरज वाटत नाही.

---

पारिजात_मुलुंड

+१ चौथीसीट. शेवटचं वाक्य अगदी पटलं.

पण बायकांच्या बाजूने एक सांगते. स्टेशनचा दर्जा मी स्वच्छतागृहावरून ठरवते. पूल कितीही रुंद असो. मी रोज दीड तास जाते, दीड तास येते. पाळी असेल त्या दिवशी घरून निघताना पाणी पीत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी पीत नाहीत, आणि पुढे त्यांची मूत्रमार्गाची दुखणी सुरू होतात. आमच्या स्टेशनवरचं बायकांचं स्वच्छतागृह रात्री साडेनऊनंतर कुलपात. पुरुषांचं उघडं. विचारलं तर म्हणे "मॅडम, रात्री सेफ नसतं." मग दिवा लावा, बाई नेमा, उघडं ठेवा!

'राइट टू पी' वाल्या कार्यकर्त्यांनी मुंबईत हा विषय चव्हाट्यावर आणला त्याला दहा वर्षं होऊन गेली. त्याआधी यावर तोंड उघडायचीही लाज वाटायची. आज निदान लिहिता येतंय.

---

विंडोसीट

पारिजातताई, अनुमोदन. स्वच्छतागृह फलाटाच्या अगदी टोकाला का बांधतात हे मला कधीच कळलेलं नाही. रात्री त्या टोकाला चिटपाखरू नसतं.

---

गेजकाका

मी रेल्वेत रुळांच्या खात्यात ३४ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. टोकाला का, याचं उत्तर पाणी आणि मलवाहिनी. जुन्या फलाटांच्या पोटात सिग्नलच्या केबल असतात, मधे खणता येत नाही. हे कारण झालं, समर्थन नाही.

कोणी विषय काढला नाही म्हणून मी काढतो. गाडी आणि फलाट यांच्यातली फट. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एका कॉलेजच्या मुलीचे दोन्ही हात त्या फटीपायी गेले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि फलाट उंच करायची कामं धडाक्याने सुरू झाली. लोक मला विचारायचे, "काका, एवढी साधी गोष्ट, आधी का नाही केली?"

साधी वाटते, पण तशी नाही. रूळ खडीवर बसलेला असतो. दर पावसाळ्यानंतर खडी दाबली जाते, मग नवी खडी टाकून ती रुळाखाली ठासतात, त्याला पॅकिंग म्हणतात. प्रत्येक वेळी रूळ थोडा थोडा वर येतो. फलाट मात्र जिथल्या तिथे. दहा-पंधरा वर्षांत दोघांतलं अंतर एवढं पडतं की म्हाताऱ्या माणसाला पाय उचलवत नाही. म्हणजे फलाट खचलेला नसतो, रूळ चढलेला असतो. आणि वळणावर असलेल्या फलाटाला आडवी फटही ठेवावीच लागते, कारण वळणावर डब्याचा मधला भाग आत येतो किंवा टोकं बाहेर जातात. तिथे फलाट जवळ आणला तर डबा घासेल.

शिवाय हे सगळं काम करायचं कधी? रात्री शेवटची गाडी गेल्यावर आणि पहाटे पहिली सुटायच्या आत. हातात निव्वळ तीन तास, त्यातले सामान आणण्या-नेण्यात किती जातात तुम्हीच मोजा. रविवारच्या मेगाब्लॉकला लोक शिव्या घालतात, मला त्यांचा राग येत नाही. पण त्या ब्लॉकमध्ये उन्हातान्हात आमची पोरं वाकलेली असतात, हेही कोणीतरी सांगायला हवं म्हणून सांगितलं.

---

डाऊनफास्ट

गेजकाका, "रूळ चढलेला असतो" हे आज पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी फलाटाला दोष देत होतो.

---

स्पर्शलिपी

मला दिसत नाही. फोन वाचून दाखवतो, त्यावर तुमची सगळी चर्चा ऐकली. गेजकाका, फटीबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार.

माझ्यासाठी स्टेशन म्हणजे तीन गोष्टी. पहिली, अपंगांच्या डब्याजवळचं यंत्र. फलाटावर जिथे तो डबा थांबतो तिथे वर पीं पीं पीं असा आवाज सतत येत असतो. तुमच्यापैकी अनेकांना तो कटकट वाटत असेल. मी तो आवाज धरून चालतो. आमच्या स्टेशनवर तो एकदा आठवडाभर बंद होता, तेव्हा मी रोज कोणाच्या तरी दंडाला धरून उभा राहिलो.

दुसरी, फलाटाच्या कडेने जाणाऱ्या पिवळ्या फरशा. उभ्या रेघा असल्या की चालत राहा, गोल उंचवटे आले की थांब, पुढे कड आहे. या फरशांवर वजनकाटा ठेवलेला मी अनुभवला आहे. पार्सलचे गठ्ठे तर रोजचेच. डोळस माणूस वळसा घालतो. मी आदळतो.

तिसरी, घोषणा. गाडीचा फलाट ऐनवेळी बदलला तर ती एकदाच, घाईत, दुसऱ्या घोषणेवर चढवून होते. अख्खा फलाट पळायला लागतो तेव्हा मला कळतं की काहीतरी बदललंय. काय बदललं ते कळत नाही.

---

सुमिदाकाठी

स्पर्शलिपी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी नोकरीमुळे सात वर्षं तोक्योत आहे, मूळची डोंबिवलीची. या पिवळ्या फरशा मूळच्या जपानच्याच. सेइइची मियाके नावाच्या माणसाने १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. तिथून त्या रेल्वेत आल्या आणि मग जगभर पसरल्या.

इथल्या स्टेशनांचं कौतुक करायला आलेले नाही, कारण शिंजुकूसारख्या स्टेशनात दोनशेहून जास्त बाहेर पडायच्या वाटा आहेत आणि पहिल्या आठवड्यात मी तिथे रडले होते. पण एक गोष्ट आपल्याकडे उद्या करता येईल अशी आहे. मेट्रोच्या फलाटावर खांबाला एक तक्ता असतो: पुढच्या प्रत्येक स्टेशनवर कितव्या डब्यासमोर जिना, कितव्यासमोर लिफ्ट. बस्स. ओलाचाफा, तुम्हाला हे आधी माहीत असतं तर आईंची फलाटभर पायपीट वाचली असती. आपल्याकडे हे ज्ञान रोज जाणाऱ्यांच्या डोक्यात पक्कं असतं, पण लिहून कुठेच नसतं.

---

चौथीसीट

> आपल्याकडे हे ज्ञान रोज जाणाऱ्यांच्या डोक्यात पक्कं असतं

शंभर टक्के. माझे बाबा गेली तेव्हा मला वारसात मिळालेल्या गोष्टींत एक होती: "व्हीटीला जाताना पुढून दुसरा, येताना मागून तिसरा."

माफ करा, 'बाबा गेले तेव्हा'. घाईत टाइप झालं.

---

खारघरचावारा

तुम्ही सगळे जुन्या मार्गांवरचे दिसता. नवी मुंबईकडे या. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला लोकल आली. ही स्टेशनं सिडकोने शहर वसवतानाच आखली, खर्चही सिडकोने ६७ टक्के आणि रेल्वेने ३३ टक्के उचलला. आधी स्टेशन, मग त्याभोवती वस्ती. म्हणून इथे उंच छत, रुंद फलाट, खालून भुयारी रस्ता, बाहेर बस आणि रिक्षाला मोकळी जागा. जुन्या स्टेशनांना हे कधीच शक्य नाही, त्यांच्या गळ्याशी बाजार आलेला आहे.

---

विंडोसीट

वारा, मी नवी मुंबईतच दहा वर्षं राहिले. जागा मोकळी हे खरं. पण रात्री साडेदहाला त्या मोकळ्या जागेतून एकटी चालून बघा. वरची दुकानं अर्धी रिकामी, भुयारी रस्त्यात छतातून पाणी ठिबकतंय, दिवा एकाआड एक. माझी पावलं मलाच ऐकू यायची. मोठं स्टेशन बांधणं एक आणि ते जागतं ठेवणं दुसरं.

---

खारघरचावारा

मान्य. भुयारातल्या पाण्याचा मलाही राग आहे. पण तो देखभालीचा प्रश्न आहे, आखणीचा नाही.

---

पारिजात_मुलुंड

चालणाऱ्या बाईला दोन्ही एकच.

---

मोगरेवाली

विंडोसीट म्हणतात ते 'जागतं स्टेशन' कोण ठेवतं माहिती आहे का? फेरीवाले. २०१७ च्या त्या दुर्घटनेनंतर उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बंदी केली. पुलावर बसू नये हे मला शंभर टक्के पटतं, पुलावर कोणीच बसू नये. पण स्टेशनबाहेर माझी आई २२ वर्षं गजरे विकत होती, तिच्या जिवावर आम्ही दोघी बहिणी शिकलो. रात्री उशिरा उतरणाऱ्या नर्स, कॉल सेंटरच्या मुली तिच्याशी बोलत उभ्या राहायच्या रिक्षा मिळेपर्यंत. एकदा एक माणूस एका मुलीच्या मागे मागे आला, तेव्हा आई आणि शेजारचा भाजीवाला दोघं उठले होते.

---

चौथीसीट

मोगरेवाली, तुमच्या आईंबद्दल आदर आहे. पण मी जिन्याच्या तोंडाशी बसणाऱ्यांबद्दल बोलतोय आणि त्यावर माझं मत बदलणार नाही. गर्दी दाबली गेली की एक टोपलीसुद्धा माणसं पाडते.

---

मोगरेवाली

जिन्याचं तोंड सोडाच, त्यावर वाद नाही. पण १५० मीटर म्हणजे किती ते एकदा चालून बघा. तेवढ्यात आमच्याकडे अख्खा बाजार, देऊळ आणि शाळा येते. आखून दिलेली जागा द्या, भाडं घ्या, दिवा द्या. तेवढंच मागणं आहे.

---

गेजकाका

दोघांचंही खरं आहे. खार रोडला फलाटांच्या वर मोठा डेक बांधला आहे, सगळे पूल त्याला जोडलेले. गर्दीला वर उभं राहायला जागा मिळाली की खालचा फलाट मोकळा राहतो. असे डेक इतर स्टेशनांवर झाले तर या वादातला निम्मा भाग मिटेल.

---

दगडीकमान

सगळे उपयोगाचंच बोलताहेत म्हणून सौंदर्याची बाजू मी घेते. ओलाचाफांनी वारली चित्रांचा उल्लेख केला. मला वाटतं चित्रं आणि लिफ्ट यांना एकमेकांच्या विरुद्ध उभं करू नये.

भायखळा स्टेशन बघा. एकोणिसाव्या शतकातली इमारत. वर्षानुवर्षं रंगाच्या थरांखाली आणि जाहिरातींखाली दबलेली. ती जुन्या नोंदी बघून, थर खरवडून मूळ रूपात आणली आणि २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार तिला मिळाला. मी तिथे रोज उतरते. लाकडी छताखालून जाताना माणसं नकळत सावकाश होतात, मी बघितलंय. सीएसएमटीच्या घुमटाखाली तर आजही मान वर जाते. १८७८ मध्ये काम सुरू झालं, फ्रेडरिक स्टीव्हन्सने दहा वर्षं खपून ती इमारत उभी केली, २००४ मध्ये ती जागतिक वारसा झाली. आणि तिथून रोज कारकून, हमाल, विद्यार्थी ये-जा करतात! राजवाड्यातून रोज ऑफिसला जायचं भाग्य किती शहरांतल्या माणसांना आहे?

---

डाऊनफास्ट

दगडीकमान, छान लिहिलंत. तुमच्या स्टेशनातल्या कबुतरांनाही आमचा नमस्कार, राजवाड्यात खरं राज्य त्यांचंच आहे.

---

लोणावळालोकल

पुण्याकडून एक आवाज. आमची पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून आहे. कासारवाडी, देहू रोड, बेगडेवाडी, घोरावाडी, कान्हे, मळवली ही स्टेशनं तुम्ही बघाल तर म्हणाल की किती शांत. झाडं, बाक, वारा. गर्दी नाही, चेंगराचेंगरी नाही. पण गाडी चुकली की पुढची कधी? दुपारी तर विचारूच नका. मळवलीच्या बाकावर बसून मी एका उन्हाळ्यात अख्खी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचून काढली आहेत. तुमच्याकडे गाड्या आहेत आणि स्टेशनं पुरत नाहीत, आमच्याकडे स्टेशनं आहेत आणि गाड्या पुरत नाहीत. स्टेशन चांगलं कशाने ठरतं, तर माझ्यासाठी पुढची गाडी किती वेळात येते याने.

---

विंडोसीट

लोणावळालोकल, परीक्षा पास झालात का?

---

लोणावळालोकल

झालो! मळवलीच्या बाकाला पेढा ठेवून आलो होतो. 😊

---

आजी_वसईची

थोडं अवांतर लिहिते, चालेल ना? २६ जुलै २००५ ची रात्र मी एका स्टेशनवर काढली. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलीमीटर पाऊस झाला हे दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. आम्हाला एवढंच दिसत होतं की रूळ गेले, मग खडी गेली, मग पाणी फलाटाच्या कडेला लागलं. गाडी उभी. दिवे गेले. फलाटावर आम्ही दोनशे-तीनशे माणसं असू. चहाच्या टपरीवाल्याने जे होतं ते सगळं काढलं, बिस्किटं मुलांना आधी दिली, पैसे कोणाकडून घेतले नाहीत. स्टेशन मास्तरांनी आपली खोली बाळंत होऊन महिनाही न झालेल्या एका मुलीला दिली. कोणीतरी अभंग म्हणायला सुरुवात केली, मग रात्रभर एकामागून एक.

फलाट उंच होता म्हणून आम्ही कोरडे राहिलो. त्याला छप्पर होतं म्हणून मुलं झोपली. आता कुठल्याही स्टेशनवर गेले की मी छप्पर कुठपर्यंत आहे ते बघते. हल्ली १५ डब्यांच्या गाड्यांसाठी फलाट लांबवतात, पण छप्पर १२ डब्यांवरच थांबलेलं असतं. पावसात शेवटच्या तीन डब्यांची माणसं छत्र्या उघडून उभी. छत्री उघडली की कड दिसत नाही, बाळांनो.

---

पारिजात_मुलुंड

आजी, तुमच्या प्रतिसादाने डोळे भरून आले. अवांतर मुळीच नाही.

---

वडाचटणी

टपरीवाल्याचा विषय निघाला आहे तर, वडापावचा जन्मही स्टेशनबाहेरचाच. १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो सुरू झाला असं सांगतात. घाईतल्या माणसाला एका हातात मावेल आणि गाडी चुकणार नाही असं खाणं! कोणत्या स्टेशनचा वडा चांगला यावर वेगळा धागा काढू या का?

---

डाऊनफास्ट

काढा, पण उद्या. आज काढलात तर ओलाचाफांच्या आईंना परळला कसं न्यायचं ते राहूनच जाईल.

---

परळटर्मिनस_नियमित

तेच सांगायला आलो. परळला मार्च २०१९ पासून लोकल सुरू होतात, म्हणजे काही गाड्या तिथूनच सुटतात. परतीसाठी हे लाखमोलाचं आहे. परळहून सुटणारी गाडी फलाटावर रिकामी लागते, आईंना आरामात चढवून बसवता येईल. वेळापत्रक बघून व्यायामाची वेळ तिच्याशी जुळवून घ्या. गाडीची वेळ आपल्याला बदलता येत नाही, व्यायामाची येते.

जाताना फास्टने दादरला उतरायचा मोह टाळा. दहा मिनिटं वाचतील, पण दादरच्या पुलावर ती परत जातील. शिवाय ९ डिसेंबर २०२३ पासून दादरला मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झालेत. बदल चांगला आहे, पूर्वी पश्चिम आणि मध्य रेल्वे दोन्हीकडे तेच नंबर असल्याने माणसं चुकायची. पण आईंच्या डोक्यात जुने नंबर असतील तर गोंधळ होईल. स्लो पकडा, सरळ परळला उतरा.

---

गेजकाका

आणि एक. गाडीतून उतरलात की लगेच जिन्याकडे जाऊ नका. जवळच्या बाकावर बसा. गाडीची गर्दी दोन-तीन मिनिटांत जिना चढून जाते आणि पुढची गाडी येईपर्यंत जिना मोकळा असतो. ती दोन मिनिटं आईंची. ३४ वर्षं फलाटावर उभा राहून हे बघितलं आहे.

---

स्पर्शलिपी

काकांचं बरोबर आहे. मीही असंच करतो. रिकाम्या जिन्याचा आवाज वेगळा येतो.

---

सुमिदाकाठी

ओलाचाफा, घरच्या स्टेशनवर लिफ्ट कितव्या डब्यासमोर येते ते एकदा एकट्या जाऊन बघून ठेवा. मग परळहून त्याच डब्यात बसा.

---

ओलाचाफा (दुसरा सोमवार, रात्री ९:१५)

सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. वसईच्या आजींचा तिने पुन्हा वाचायला लावला. गेजकाकांना तिने विचारलंय की रूळ वर येतो तर पूल खाली का वाटत नाही.

गुरुवारी आणि आज असे दोनदा जाऊन आलो. स्लोने परळला उतरलो, बाकावर बसलो. मी घड्याळ बघितलं: अडीच मिनिटांत जिना रिकामा. आई एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढली आणि मागून कोणाचा धक्का नाही. परतीला परळहून सुटणारी गाडी मिळाली, खिडकीसुद्धा.

घरच्या स्टेशनवरची लिफ्ट गुरुवारी बंदच होती. मी लेखी तक्रार दिली, पोच घेतली, फोटो जोडला. "कागदावर तारीख लिहा, म्हणजे आम्हाला कळेल कधी यायचं," एवढंही लिहिलं. आज साखळी निघाली होती. तक्रारीमुळे की आधीच ठरलं होतं, कोण जाणे. लिफ्ट मागून चौथ्या डब्यासमोर येते, आम्ही बरोबर तिथे उतरलो. मेसेज ते मेसेज, ८ मिनिटं.

आईने लिफ्टमध्ये शिरताना बाहेर उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या पोरांना सांगितलं, "तुम्ही जिन्याने जा रे, इथे अजून दोन म्हाताऱ्या मावतील." पोरं गेली, आणि खरंच दोन आज्या आल्या.

---

गेजकाका

आईंना सांगा, पूल रुळांपासून इतका उंच असतो की दोन-चार इंच डोळ्यांना जाणवत नाहीत. पण वरच्या विजेच्या तारेला ते जाणवतात, म्हणून रूळ किती वर आला त्याची मोजणी ठेवावी लागते. प्रश्न फार चांगला आहे. त्या कुठे नोकरीला होत्या?

---

ओलाचाफा

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, काका. तारांचा विषय निघाला म्हणून खूश झाली आहे.

---

आजी_वसईची

गुरुवारी पाऊस सांगितलाय. मागून चौथा डबा म्हणजे तुमच्या फलाटावर तिथवर छप्पर आहे का ते बघून ठेव गं. नसेल तर छत्री तू धर, आईचे दोन्ही हात मोकळे राहू देत.